धुण्याच्या फळीवरचा ताल
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. गणपतीच्या आरतीला धुण्याची फळी वाजवणारी बी विंगमधली आजी, एवढीच माझी ओळख इथल्या मुलांना आहे. तेव्हा त्या फळीबद्दलच बोलते.

लाकडाची चौकट, मध्ये नालीदार पत्रा आणि खाली दोन पाय, अशी ही वस्तू. इंग्रजीत वॉशबोर्ड. घरोघरी यंत्रं येण्याआधी परदेशात ती पाण्याच्या टबात उभी करून तिच्यावर कपडे घासत. आपल्याकडे दगड आणि धोपटणं असल्यामुळे ती फारशी रुळली नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाद्यं विकत घेण्याची ऐपत नसे. तिथे लोकांनी घरातली हीच फळी मांडीवर घेतली आणि ताल धरला. 1946 साली क्लिफ्टन शेनिए या ॲकॉर्डियनवादकाने विली लँड्री या कारागिराकडून खांद्यांवर अडकवता येईल असा नालीदार पत्रा करून घेतला. त्याचा भाऊ क्लीव्हलँड तो वाजवीत असे. इंग्लंडमध्ये 1950 नंतर गिटार, चहाच्या खोक्याचा बास आणि धुण्याची फळी घेऊन पोरंटोरं गाऊ लागली. पुढे बीटल्स म्हणून गाजलेल्या मंडळींच्या सुरुवातीच्या शाळकरी चमूतही ही फळी होती. आपल्या हिंदी सिनेमातही राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत अमृतराव काटकर रेसो-रेसो वाजवीत. खाचांवरून काडी घासायची, तत्त्व तेच.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी खूळ. पण आपण तरी काय वेगळं केलं? मंगळागौरीला सूप नाचवतो, लाटणी वाजवतो. महालक्ष्मीपुढे घागर फुंकतो. तंबोऱ्याचा भोपळा शेतातच पिकतो. आणि मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तसे तेच हात सतार घडवू लागले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या हातांच्या वारसांना.

माझी फळी सांगलीची, माझ्या माहेरची. आजोबांनी ती कधीतरी मिरजेला एका लिलावात घेतली होती, पण घरात तिच्यावर कुणी कधी कपडे घासले नाहीत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर गाळ काढायला मीही गेले. भावाच्या तबल्या-डग्ग्याच्या पुड्या कुजल्या होत्या, पेटीचा भाता सुटला होता. गाळाखालून ही फळी निघाली. नळाखाली धरली, फडक्याने पुसली, संपलं. पत्र्यावर जस्ताचा मुलामा, त्यामुळे गंजसुद्धा नाही. ती मी साताऱ्याला घेऊन आले.

वाजवायची कशी, हे मुलं नेहमी विचारतात. फळी मांडीवर तिरकी धरायची. दोन्ही हातांच्या बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालायची. पत्र्यावरून खाली ओढलं की आवाज जोरकस येतो, वर नेलं की हलका. समेला लाकडी चौकटीवर ठोका द्यायचा. आठ मात्रांचा केरवा आला की निम्म्या आरत्या वाजवता येतात. साताऱ्याच्या पावसात तबल्याची पुडी सैल पडते. हिला हवामानाची फिकीर नाही.

मात्र ही वाजवायला मला शिकवलं कुणी, ते आज सांगायचं आहे. आपल्या तीन इमारतींत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी. त्यांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय, म्हणून घेत नाही. मी बोटांनी कडकड करत बसले होते. त्या फरशी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, बोटानं नव्हं, मनगटानं. कापड बी तसंच निघतंय." आणि ओल्या हातानेच त्यांनी असा काही केरवा धरला की मी बघतच राहिले! त्यांचं लहानपण संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या घाटावर धुणं धुण्यात गेलं. तीच कृष्णामाई पुढे आमच्या सांगलीला येते. त्या वरच्या अंगाच्या, मी खालच्या.

गेल्या वर्षी आरतीच्या वादकांत त्यांना बसवू या, असं मी सुचवलं. उत्तर आलं, "त्या सभासद नाहीत ना." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल, पण मला ते लागलं. आपल्या उपविधीत वर्गणी, पार्किंग, गळती, सगळ्याला कलम आहे. झांज कुणी वाजवावी याला कलम नाही. या स्मरणिकेत पंचवीस वर्षांतल्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आहेत, ते असायलाच हवेत. मावशी इथे बावीस वर्षं येतात. आपल्यापैकी निम्म्या सभासदांपेक्षा त्या जुन्या आहेत. या क्षणी त्या मंडपामागे ताटं विसळताहेत.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझी एकच विनंती. येत्या गणेशोत्सवात आरतीच्या वादकांची यादी करताना सभासद आहे की नाही हे विचारू नये. ताल धरता येतो का, एवढंच विचारावं. वॉचमनकाका, मावशी, इस्त्रीवाले दादा, ज्याला येईल त्याने बसावं. आणि ती बैठक मंडपात, आपल्याच सतरंजीवर असावी.

फळीची अडचण नाही. बाजारातून प्लॅस्टिकची एक आणून ठेवली आहे, ती मी वाजवीन. जस्ताची मावशींना. अंगुस्तानंही दोन जोड घेतली आहेत. ज्या मुलांना शिकायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी यावं. मावशींनी सुट्टीच्या दिवशी तासभर यायचं कबूल केलंय. फी नाही, पण त्यांच्या चहाआधी कुणी उठायचं नाही!

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन करते आणि माझे दोन शब्द संपवते.