‘माहिती उपलब्ध नाही’

एसटीतून नवख्या गावी उतरलेला माणूस आधी पाटी शोधतो. पाटी वाचता आली, समजली, की त्याला धीर येतो. ती सापडली नाही, तर गाव त्याला परके वाटू लागते. संकेतस्थळांचेही असेच आहे. तिथले विभाग, रकाने आणि बटणे म्हणजे पाट्याच. त्या कशा लावल्या आहेत, त्यावरून आपण त्या जागेविषयी मत बनवतो. आणि पुष्कळदा स्वतःविषयीही.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात मी बसलो होतो. एक वयस्कर शेतकरी आले. कुठल्याशा योजनेच्या यादीत आपले नाव आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. पडद्यावर तीन रकाने होते : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आता आमच्या वऱ्हाडात मुसलमानांची नावे ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी लिहितात. ‘शेख’ आधी येतो आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा येतो. दुकानातल्या मुलाने तो आडनावाच्या रकान्यात टाकला. उत्तर आले : ‘माहिती उपलब्ध नाही’.

चाचा हळूच म्हणाले, “नाम कट गया लगता, भाई.” आणि पिशवी उचलून निघाले.

मी त्यांना थांबवले. मुलाला म्हटले, ‘शेख’ पहिल्या रकान्यात घालून बघ. नाव निघाले. यादीत ते पहिल्यापासून होते. पण चाचा पाच मिनिटे आधी बाहेर पडले असते, तर आपले नाव कापले गेले हीच समजूत घेऊन गावी परतले असते. आणि चार जणांना सांगितलेही असते. कुणी त्यांचे नाव कापले नव्हते. रकान्यांची मांडणी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नावाची एकच रीत होती, इतकेच.

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे कळले नाही, तर माणूस दाराला दोष देत नाही, स्वतःला देतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. ‘आपल्याला हे मोबाईलचे जमत नाही’ असे म्हणणारे कितीतरी लोक मला भेटतात. त्यातल्या अनेकांना जमत नाही असे नसते. पाटी चुकीची असते.

जेकब नील्सन या डॅनिश तज्ज्ञाने १९९४ साली सांगितलेल्या नियमांपैकी एक असा : माणसाला आठवायला लावू नका, ओळखू द्या. सातबारा दाखवणाऱ्या ‘महाभूलेख’वर जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्यांनी जाता येते. आमच्या जिल्ह्याचे तेरा तालुके समोर आले, की शेतकरी आपला बरोबर ओळखतो. कारण हीच उतरंड त्याने कागदावर जन्मभर पाहिली आहे. उलट, रेल्वेच्या तिकिटासाठी स्थानक ठाऊक असावे लागते. बुलडाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचे हे आम्हांला माहीत आहे; परगावच्या पाहुण्याला ते कुणीतरी सांगावे लागते.

आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या तीन आडव्या रेघा! नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संगणकासाठी त्या काढल्या. त्यांच्यामागे अख्खी यादी दडलेली असते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला समोर दिसते तेवढेच दुकान वाटते.

काही ठिकाणी ही दडवादडवी चुकून होत नाही. पैसे भरायचे बटण ठळक आणि वर्गणी बंद करण्याची वाट मात्र सात पडद्यांआड. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. तिथे माणूस गोंधळतो, कारण त्याने गोंधळावे अशीच योजना असते. पण चाचांच्या बाबतीत कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि तरी परिणाम व्हायचा तो होणारच होता.

मग उपाय काय? नील्सन यांनीच २००० साली लिहिले आहे, की पाच माणसांना वापरायला बसवून नुसते पाहिले, तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाच माणसे मिळणे अवघड नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी कुठल्याही तालुक्याच्या गावी पन्नास मिळतील. फक्त त्या पाचांत एखादे ‘शेख अमुक शेख तमुक’ असावेत, एखादी कमी शिकलेली बाई असावी. आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ या तीन शब्दांखाली आणखी एक ओळ असावी : ‘नाव वेगळ्या क्रमाने लिहून पाहा.’ तेवढ्या एका ओळीने चाचांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली असती.