घरातलेच व्याकरण

मी ज्या शहरात नोकरी करतो त्याचे नाव नवा रायपुर. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा माझा मराठी कान अडखळला. आपण नवा रस्ता, नवी इमारत, नवे घर असे म्हणतो. मग हे 'नवे रायपूर' का नव्हे? पुढे उमगले की, छत्तीसगढीत 'नवा' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. इंग्रजीतील 'न्यू' तरी कोठे बदलते? परकी भाषा आपल्या भाषेशेजारी ठेवली की तिचे व्याकरण असे सहज उलगडते. मला मात्र याचा एकदा विसर पडला.

आमच्या कचेरीतील एका तरुण मराठी कारकुनाने इंग्रजीत टिपण लिहिले. 'कारकुनाला अधिकाऱ्याने बोलावले' एवढेच त्याला सांगायचे होते. क्रियापद त्याने बरोबर मध्ये आणले, पण नामांचा क्रम मराठीच ठेवला: 'द क्लार्क कॉल्ड द ऑफिसर'. म्हणजे कारकुनानेच साहेबांना बोलावले! सारे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून त्याने इंग्रजी कागदाला हात लावणे सोडले.

त्याचे चुकले ते काय? मराठीत 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाचे नाते सांगतात. म्हणून शब्दांची जागा बदलली तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजी नामांचे असे प्रत्यय फार पूर्वीच झिजून गेले. तेथे जागाच प्रत्ययाचे काम करते. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी कर्ता, नंतर कर्म.

काही दिवसांनी मी त्याला जवळ बसवून म्हटले, "इंग्रजी व्याकरणाचा पाया तुमच्यापाशी आहेच. शब्दांच्या जाती सांगा पाहू." त्याने नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आठही जाती धडाधड म्हटल्या. श्रोतेहो, या आठ जाती मूळच्या आपल्या नव्हेत. यास्काने निरुक्तात चारच सांगितल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवून. तेव्हापासून ही पाहुणी मंडळी मराठी नावे घेऊन आपल्याच घरात नांदत आहेत.

फरक आहेत, पण मोजके. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीतले पुढे चालते: आपण 'टेबलावर' म्हणतो, ते 'ऑन द टेबल'. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' जोडतो. इंग्रजीत 'ही इज हियर' याचे 'इज ही हियर' होते, म्हणजे पुन्हा जागाच बदलते. आज्ञार्थी वाक्यात मात्र दोन्ही भाषा सारख्याच: 'या' म्हणा की 'कम' म्हणा, कर्ता अध्याहृत.

दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन टिपण आणले. कर्ता व कर्म आपापल्या जागी होते. समजावून सांगायला अर्धा तास पुरला होता. तो हसण्यापूर्वीच दिला असता, तर एका होतकरू माणसाचे कित्येक दिवस भयात गेले नसते.