बालकांच्या मूत्रपिंडातील पाणी आणि सोनोग्राफी
(मेढा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात वैद्याने बोलावयाचे म्हणजे आहारविहाराचा उपदेश करावयाचा, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र एकाच लहानशा विषयावर बोलणार आहे. कारण त्या विषयात माझ्या हातून एकदा चूक झाली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक दांपत्य नवजात मुलाचा सोनोग्राफीचा अहवाल घेऊन मजकडे आले. मूल गर्भात असतानाच त्याच्या डाव्या मूत्रपिंडात पाणी साठल्याचे दिसले होते. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासणी झाली, ती जवळजवळ निर्दोष निघाली. "आता चिंता नको," असे मी सांगितले. चौथ्या वर्षी तो मुलगा ताप व पोटदुखी घेऊन परत आला, तेव्हा त्या मूत्रपिंडाचा गर कागदासारखा पातळ झाला होता.

जन्मानंतरचे पहिले दोन दिवस बालकास मूत्र थोडे होते, म्हणून साठाही खोटाच लहान दिसतो. यास्तव ही तपासणी ४८ तासांनंतर, शक्यतो पहिल्या आठवड्याच्या अखेरीस करावी, आणि ती निर्दोष निघाली तरी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा करावी. मुलाची दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली व मूत्राशय जाड असेल, तर मात्र मूत्रमार्गात पडदा असण्याचा संभव असतो. तेथे थांबू नये. हे सारे मला ठाऊक होते. त्या दिवशी आठवले नाही.

आपल्याकडे या विकारास 'किडनीला सूज' म्हणतात. हा शब्द घात करतो. सूज म्हटली की औषधाने उतरेल असे वाटते. वस्तुतः पाट पुढे अरुंद झाला की पाणी मागे तुंबते, तद्वत मूत्र मागे साठते. शंभर गर्भांत सुमारे एकात असे दिसते, आणि बहुतेकांत ते आपोआप निवळते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, विसरण्याचेही नाही.

आता मुख्य प्रश्न. मूत्रपिंड काम किती करते, हे सोनोग्राफी सांगते काय? कण्हेर धरणाचा जलाशय आपण नित्य पाहतो. पाणी किती पसरले ते डोळ्यांना दिसते. पण कालव्यातून किती वाहते हे त्या पसाऱ्यावरून कळत नाही. सोनोग्राफीचे तसेच आहे. ती आकार दाखवते, कार्य मोजत नाही. मात्र जाणत्या डोळ्यास त्या आकारातूनच कार्याची चाहूल लागते: गर पातळ होत जाणे, तो अधिक पांढरा दिसणे, त्यात बारीक पाणफोड असणे, आणि दुसरे मूत्रपिंड वयाच्या मानाने मोठे होणे. जोडीदार थकला की दुसरा बैल अधिक ओढतो, तसे हे शेवटचे लक्षण. याच कारणास्तव रक्ताच्या तपासणीवर विसंबू नये; एक मूत्रपिंड खचले तरी दुसऱ्याच्या बळावर रक्त निर्दोष राहते. रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणीही आहे, पण तान्ह्या मुलांत तिचे आकडे मुळातच अधिक असतात. तिच्यावर निकाल देऊ नये.

कार्य खरोखर मोजावयाचे तर शिरेतून टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश देऊन छायाचित्रण करतात. प्रत्येक मूत्रपिंडाचा वाटा त्यात शेकड्यात कळतो. साधारणतः ४५ ते ५५ हा निरोगी वाटा. तो ४० च्या खाली गेला, किंवा पुढच्या तपासणीत घसरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. या द्रव्याचे तेज सहा तासांत निम्मे होते, म्हणून ते गावोगाव साठवून ठेवता येत नाही व मोठ्या शहरी जावे लागते. मुंबईस परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली निघाले, तेव्हापासून ही विद्या आपल्या प्रांतात आहे. पण प्रत्येक मुलास तेथे धाडण्याचे प्रयोजन नाही. कोणास धाडावे आणि केव्हा, हे तालुक्याच्या गावी वेळच्या वेळी केलेली साधी सोनोग्राफीच ठरवते. तिचे खरे मोल ते.

जाता जाता एक कडू गोष्ट सांगतो. १९९४ च्या कायद्याने मनाई असूनही सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'मुलगा की मुलगी' ही कुजबूज अद्याप कानी येते. मूत्रपिंडे कशी आहेत, हे मला आजवर एकाही आजोबांनी विचारलेले नाही.

त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. अरुंद भाग काढून नलिका पुन्हा जोडली. डाव्या मूत्रपिंडाचा वाटा २२ होता, तो तेवढाच राहिला. मुलगा शाळेत जातो, मित्रांबरोबर धावतो. त्याचे वडील आज या मंडपात बसले आहेत, आणि हे मी त्यांच्या अनुमतीने सांगितले.

ज्यांच्या घरी असे जुने अहवाल ट्रंकेत पडले असतील, त्यांनी ते भोजनोत्तर मजकडे आणावेत. मी मंडपाच्या उजव्या बाजूस बसतो.