हाली आणि कलदार



वसंत व्याख्यानमालेत हमाल-मजुरांच्या संघटनेचा माणूस उभा राहिला की तो महागाईभत्त्यावरच बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. मीही अखेर मजुरीशीच येणार आहे. पण वाट जरा लांबची घेतो. परभणीच्या बाजारात एके काळी दोन रुपये चालत. दोन्ही रुपयेच, दोहोंचे सोळा-सोळा आणे. पण एकाची किंमत दुसऱ्याहून कमी. एक निजाम सरकारचा हाली शिक्का, दुसरा इंग्रज सरकारचा कलदार.

'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या टांकसाळींची नाणी फिरत. त्यांतले चालते कोणते आणि बट्ट्याचे कोणते, हे सराफालाच ठाऊक. 'कलदार' म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. गंमत अशी, की विसाव्या शतकात निजामाचा रुपयाही यंत्रावरच निघू लागला. त्यावर चारमिनार आला आणि उस्मान अली खानांच्या काळात त्या कमानीत त्यांच्या नावाचे आद्याक्षर 'ऐन' बसले. तरी लोकांनी कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच ठेवले. आमच्या आजीच्या तोंडी खणखणीत गोष्टीला 'कलदार' हाच शब्द होता.

आता भाव. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हे प्रमाण कोणाच्या लहरीतून निघालेले नव्हते. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम. हालीचे वजन 11.18 ग्रॅम, पण चांदी शेकडा 82 हून किंचित कमी, म्हणजे 9.14 ग्रॅमच्या आसपास. भागाकार करून पाहा, जवळजवळ सातास सहाच येतो. पुढे 1940 साली कलदारातली चांदी निम्म्यावर आली, 1947 साली तर तो निकेलचा झाला. चांदी गेली, पण सातास सहा हे प्रमाण टिकले. सवयही एक प्रकारची चांदीच असते म्हणायची!

ही भानगड मुंबई-पुण्याच्या माणसाला जाणवली नाही, तितकी आपल्या जिल्ह्याला जाणवली. आपण सीमेवरचे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले, तिथे कलदार. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीहून वाशीमला जा, किंवा जिंतुराहून लोणारला जा, रुपया बदलला. रेल्वेने मनमाडला उतरला की मुंबई इलाखा, तिथेही कलदार. सेलू-मानवतचा कापूस बाहेर जाई, त्याचा भाव बाहेरच्या बाजारात कलदारात ठरे आणि इथल्या मजुराच्या हातात हाली पडे. मधे करोडगिरीचे नाके आणि मधे सराफाचा बट्टा. ज्याला हिशेब येई त्याला दोन रुपयांतून तिसरा रुपया काढता येई.

1947 च्या अखेरीस या नाण्यांत राजकारण शिरले. जैसे थे करार झाला 29 नोव्हेंबरला आणि त्याची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असे ठरवले. भारत सरकारने करारभंगाची जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत हे एक मोठे होते. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, पण हाली लगेच गेला नाही. 1950 साली भारतीय रुपया त्याच्या शेजारी येऊन बसला, सातास सहा याच दराने, आणि हाली हळूहळू मागे सरला.

त्याच सुमारास मोठ्या पडद्यावर हाच खेळ चालला होता. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाबरोबर भारताने रुपयाची किंमत उतरवली, पाकिस्तानने उतरवली नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये मोजायला भारत तयार होईना. पूर्व बंगालचा ताग तिकडे अडला, कलकत्त्याच्या गिरण्या इकडे खोळंबल्या. 1951 च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. दोन सरकारे भांडली, आणि तागाचा शेतकरी व गिरणीचा कामगार बसून राहिला.

आता मजुरीकडे येतो. एक हाली आणा म्हणजे कलदाराच्या दहा पै आणि दोन सप्तमांश. हा सप्तमांश कोणाच्या खिशात जाणार? समजा, एका मजुराची रोजी दहा आणे हाली होती. बरोबर हिशेबाने त्याला कलदारात आठ आणे पावणेसात पैंहून थोडे अधिक मिळायला हवे. मालकाने सोयीसाठी सरळ आठ आणे केले, तर सव्वीस दिवसांत जवळजवळ पंधरा आणे गेले. म्हणजे पावणेदोन दिवसांची मजुरी. उलट दुकानात एक आणा हालीची वस्तू एक आणा कलदाराला विकली, की ती सहाव्या हिश्शाने महागली. मजुरी खाली मोडायची आणि किंमत वर मोडायची, हे सोयीचे गणित करायला कुठल्या कायद्याची गरज लागत नाही. पगारपत्रक वाचायला शिकवताना मी तरुण हमालांना हेच उदाहरण देतो. त्यांनी हाली पाहिलेला नाही, पण 'मोडीत' पैसे कसे जातात हे त्यांना चटकन कळते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्यापैकी काहींच्या घरी ट्रंकेत जुनी खरेदीखते, गहाणखते असतील. त्यांत रकमेपुढे 'सिक्का हाली' किंवा 'सिक्का उस्मानिया' लिहिलेले असते आणि वर्ष बहुधा फसली असते. रक्कम आजच्या माणसाने आपला रुपया समजून वाचू नये; आधी सहाने गुणावे, सातने भागावे, आणि मग भावाभावांत बोलणे काढावे.