घेरी, भोवळ आणि अंधारी



'चक्कर येते' ही तक्रार डॉक्टरांच्या दारी जितक्या वेळा केली जाते, तितक्या वेळा तिचा नेमका अर्थ विचारला जात नाही. मराठी भाषा या बाबतीत कृपण नाही. घेरी, भोवळ, झीट, अंधारी असे कितीतरी शब्द तिच्याजवळ आहेत. आपणच ते सारे 'चक्कर' या एका शब्दात कोंबून टाकले आहेत. यात नुकसान होते ते रोग्याचे. झटकन उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही एक अवस्था. त्या वेळी रक्त क्षणभर पायांकडे साचते आणि मेंदूला पुरवठा कमी पडतो. उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्याला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला हा अनुभव येतो. परंतु अंथरुणावर कूस बदलताच आढे, भिंती, खुंटीवरचा कोट गरगरा फिरू लागणे ही अगदी निराळी गोष्ट होय. तिचे मूळ बहुधा कानात असते.

अंतःकर्णात, प्रत्येक बाजूस, परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. तपेलीतल्या पाण्यावर तुळशीचे पान सोडावे आणि तपेली फिरवावी. तपेली फिरते, पान जागच्या जागी राहते. फिरवीतच राहिले तर पाणीही फिरू लागते, आणि तपेली एकदम थांबवली तरी पान फिरतच राहते. फुगडी थांबल्यावर अंगण फिरते ते याच न्यायाने.

भोवळ ही कानाचीही व्याधी असू शकते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली मांडले; तोवर ती मेंदूचाच विकार समजली जाई. पुढे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान पिचकारीने धूत असता काहींना घेरी येई आणि त्यांचे डोळे आपोआप एका दिशेस झटके घेत. पाणी फार गार आहे, अशी एकाने तक्रार केली. पुढच्या खेपेस ते फार ऊन झाले, तो डोळ्यांचे झटके उलट्या दिशेस! या सामान्य तक्रारीतून कानाची एक परीक्षा निघाली, आणि १९१४ सालचे नोबेल पारितोषिक बारानींना मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा हा गृहस्थ रशियात युद्धकैदी होता.

आता कूस बदलताना येणाऱ्या भोवळीकडे वळू. अंतःकर्णातच खडूच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. वयोमानाने किंवा डोक्यास मार लागल्याने ते सुटतात आणि नलिकेत शिरतात. मान वर केली, कूस बदलली, की ते घरंगळतात, द्रव हलतो, आणि स्थिर डोके फिरत असल्याची खोटी वर्दी मेंदूला पोचते. हा झटका सहसा मिनिटभरही टिकत नाही. परंतु तेवढ्यात ओकारी येते, आणि सारा दोष पित्ताच्या माथी मारला जातो. पित्ताला आपल्याकडे किती गुन्ह्यांचे धनी केले जाते!

अमेरिकेतील जॉन एपली यांनी यावर सुचविलेला, १९९२ साली सविस्तर प्रसिद्ध झालेला उपाय इतका साधा, की पुष्कळ दिवस त्यावर कोणी विश्वास ठेवीना. रोग्यास निजवून डोके ठरावीक क्रमाने वळवीत जायचे आणि शेवटी उठवून बसवायचे. स्फटिक आले त्या वाटेने परत जातात. पाच-दहा मिनिटांचे काम. पुष्कळांची भोवळ एकदोन बैठकींत थांबते. काहींना ती पुन्हा येते, तेव्हा तोच उपाय पुन्हा करावा लागतो. मात्र तो प्रथम जाणकाराकडूनच करून घ्यावा, विशेषतः मानेचे दुखणे असल्यास.

हे ठाऊक नसल्यामुळे किती वृद्ध स्त्रिया देवळात जाणे सोडतात, फळीवरचा डबा काढीत नाहीत, महिनोन्‌महिने एकाच कुशीवर निजतात! घरचे म्हणतात, आता वय झाले. भीतीने हालचाल घटते, पाय दुबळे होतात. मग खरोखरीच पडणे होते आणि खुब्याचे हाड मोडते.

मात्र घेरीबरोबर जीभ अडखळली, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसू लागले, किंवा एकाएकी असह्य डोकेदुखी उठली, तर तो कानाचा प्रकार समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी डॉक्टरांकडे जाताना एवढे टिपून न्यावे: घर फिरते की डोळ्यांपुढे काळोख येतो, उठताना की कूस बदलताना, क्षणभर की तासन्‌तास, आणि कानात आवाज होतो काय.