दोनशे दिव्यांचा पट



गेल्या गणेशोत्सवात मंडपातल्या उजळत्या फळीवर मुलं टेट्रिस खेळताना आपण पाहिलीत. ती फळी कशी झाली ते सांगा, असा आग्रह झाला, म्हणून हे चार शब्द.

टेट्रिस हा खेळ अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत तयार केला. त्याचा पट १० घरं रुंद, २० घरं उंच. म्हणजे दोनशे दिव्यांत काम होतं! भाड्याचा पडदा आणण्यापेक्षा आपणच करू, असं आम्ही ठरवलं. प्लायवूडला दोनशे भोकं पाडली, पन्नास-पन्नास एलईडींच्या चार माळा एकापुढे एक जोडून नागमोडी ओवल्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी घरं आखली आणि वर ट्रेसिंग पेपर ताणला.

पहिल्या रात्री वरच्या ओळी पांढऱ्याशुभ्र आणि खालच्या तांबूस! दोन दिवस आम्ही प्रोग्रामच तपासत बसलो. शेवटी आपल्यातलेच एक काका, गिरणीतले जुने वायरमन, येऊन बघून गेले. म्हणाले, "अरे, नळाच्या शेवटच्या घराला पाणी कमीच येणार. प्रत्येक माळेला वेगळी जाड तार द्या."

हिशेब सोपा होता. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ५ व्होल्टवर सुमारे ६० मिलीअँपिअर ओढतो. दोनशेंचे झाले १२ अँपिअर. बारीक तारेत व्होल्टेज उतरतं, आणि निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तेच आधी मंदावतात.

मग काका झांक्यांबद्दल बोलू लागले. मोटारीवर फिरणारा ढोल, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. पट्टी टेकली की बल्ब लागायचा, सुटली की विझायचा. त्यातूनच चक्र फिरायचं, पाणी वाहायचं. आमची चिप तेच काम करते, फक्त वेगाने.

हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तरी गिरणी कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या सोडल्या नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं रात्रभर रस्त्याकडेला उभं राहून त्या पाहिल्या. पण त्या चालतात कशा, हे घरातल्याच माणसांना कधी विचारलं नाही. याची त्या रात्री आम्हाला लाज वाटली.

यंदा फळी मोठी करायची आहे. आपल्या घरी झांकीवर काम केलेले कुणी असतील, तर त्यांना घेऊन या. खुर्ची आणि चहा आमच्याकडे. सोल्डरिंग मुलं करतील.

गणपती बाप्पा मोरया!