गेम करणाऱ्यांच्या चार वह्या



कविता लिहिणाऱ्या माणसानं कंपनीच्या कारभारावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी विष्णुपुरीत राहतो. इथे विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीचं शिक्षण देणारी मोठी संस्था आहे. शिकून बाहेर पडलेली पोरं पूर्वी थेट पुण्याची गाडी धरायची. आता माझ्या ओळखीतली काही पोरं इथेच खोली भाड्यानं घेऊन संगणकावरचे गेम तयार करतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्रानं कायद्यानं बंदी आणली. त्या खेळांविषयी मी बोलत नाही. गोष्ट असलेले, चित्र-संगीत असलेले खेळ मी म्हणतो आहे. ती कलाच आहे. पण ही कला एकट्यानं वहीत होत नाही. चार-पाच जण लागतात आणि महिन्याला भाडं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. पुण्यात २०१७ साली तिघांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही छोटी कंपनी काढली. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची गोष्ट सांगणारा ‘राजी’ हा गेम त्यांना करायचा होता. किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायचा प्रयत्न त्यांनी केला. तिथला नियम असा, की ठरवलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही हाती येत नाही. आकडा गाठला गेला नाही. एका संस्थापकाला फ्लॅट विकावा लागला. पुढे मदत मिळाली, प्रकाशक मिळाला आणि २०२० साली गेम जगभर पोचला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन होतं. आपण नामांकन लक्षात ठेवतो. मला मात्र तो विकलेला फ्लॅट जास्त आठवतो. प्रत्येकाकडे विकायला फ्लॅट नसतो, आणि कुणावर तशी वेळ येऊ नये म्हणून मी चार साध्या वह्या सुचवतो.

पहिली वही हिश्श्याची. चार मित्र एकत्र येतात तेव्हा सगळं गोड असतं. लिहून ठेवायची वेळ तीच. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा सर्वांचा सारखा. एकानं रात्रंदिवस काम केलं आणि दुसऱ्यानं फक्त संगणक आणून दिला, तरी सारखा. शिवाय ठरलं नसेल तर भागीदाराला कामाबद्दल वेगळा पगारही मागता येत नाही. म्हणून कुणाचा किती वाटा, कोण मधेच नोकरीला लागला तर त्याचं काय, शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी लिहावं. हिस्सा एकदम देऊ नये, वर्षावर्षानं पिकू द्यावा. चार वर्षं राहिला तर पूर्ण, वर्षात गेला तर पाव. यात अविश्वास नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याविषयी आहे. आणि आमच्याकडे म्हण आहे, ‘हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ.’ हिशेब जवाच्या दाण्याएवढा चोख. बक्षीस मात्र शंभर द्या.

दुसरी वही हक्कांची. ही पोरं एकदा मला म्हणाली, ‘चाचा, आमच्या गेममधले संवाद मराठवाडी बोलीत लिहून द्या ना.’ मी आनंदानं हो म्हटलं आणि विचारलं, ‘कागद कुठाय?’ ती एकमेकांकडे बघायला लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून केलेली निर्मिती सहसा मालकाची होते. पण बाहेरच्या संगीतकाराची धून, कवीचे शब्द लेखी दिल्याशिवाय कंपनीचे होत नाहीत. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर विकायच्या गेमला हे परवडेल का? दोन पानांचा करार, मोबदल्याचा आकडा आणि सह्या. एवढ्यानं कलावंतही निर्धास्त, पोरंही निर्धास्त.

तिसरी वही पैशांची. विष्णुपुरी प्रकल्पातून नांदेडला प्यायला पाणी जातं आणि शेतीलाही. पावसाळा संपला की साठा पाहतात, पिण्याचं राखतात आणि मगच पाणीपाळ्या ठरवतात. पैशांचंही तसंच करावं. समजा पाच जण प्रत्येकी वीस हजारांत भागवतात. खोली, वीज, इंटरनेट मिळून आणखी वीस हजार. महिन्याला एक लाख वीस हजार झाले. गाठीला बारा लाख असतील तर दहा महिन्यांचं पाणी आहे. हा महिन्यांचा आकडा भिंतीवर लिहावा, सगळ्यांना दिसेल असा. आता विक्री. स्टीमसारखं ऑनलाइन दुकान साधारण तीस टक्के ठेवून घेतं. गेम तीनशे रुपयांना विकला तर कर सोडूनही हाती दोनशे दहा. बारा लाख परत यायला पाच हजार सातशेहून जास्त प्रती खपाव्या लागतील. आम्हा कवींची आवृत्ती पाचशेची असते, तीही निम्मी भेट जाते! म्हणून साठा चार महिन्यांवर आला, की बाहेरचं एखादं काम घ्यायचं, हे आधीच ठरवून ठेवावं.

चौथी वही कामाची. बचत गटातल्या आयाबहिणींकडून शिकावं. नियमित बैठक, नियमित लेखे हा त्यांच्या पंचसूत्रीचाच भाग आहे. आठवड्यातून एक बैठक, तासाभराची. मागच्या आठवड्यात काय झालं, काय राहिलं, या आठवड्यात कोण काय करणार. वहीत नोंद, खाली सह्या. आणि महिन्यातून एकदा एकच प्रश्न: या गेममधून काय काढून टाकता येईल? नवं सुचतं रोज, वेळ वाढत नाही. वीस पायऱ्यांचा अर्धवट खेळ कुणी विकत घेत नाही. सहा पायऱ्यांचा पुरा झालेला घेतात. रात्री जागून काम ओढण्यापेक्षा कात्री चालवलेली बरी. कविताही जास्तीच्या ओळी खोडल्यावरच उभी राहते.

राज्य सरकारनं २०२५ साली ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं आहे. चांगलंच आहे. पण सरकारी योजना घ्यायची तर हिशेब आणि कागद दाखवावे लागतात. ज्याची वही तयार, त्याचाच अर्ज पुढे सरकतो.

गेम चालेल की पडेल, हे कुणाच्या हाती नाही. पण पडला तर त्याबरोबर मैत्री पडू नये, आईचे दागिने जाऊ नयेत, एवढं आपल्या हाती नक्की आहे. चार वह्या मिळून शंभर-दोनशे रुपयांच्या. पोरांनो, पुढचा संगणक घेण्याआधी त्या घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)